पाईपांना पाजलेलं पाणी

चैत्र सरत आला, की आमच्या कॉलनीत कुणाचा तरी स्लॅब पडतोच. दुसऱ्या दिवशी सकाळी गवंडी त्यावर बोटभर उंचीची आळी घालतात आणि त्यांत पाणी सोडतात. उन्हं चढू लागली की तापलेल्या ओल्या सिमेंटचा वास खाली रस्त्यावर येतो. थोडा राखेसारखा, थोडा नव्या मडक्यासारखा. भाजी घेऊन परतताना तो वास आला की माझी पावलं मंदावतात. आधी बरं वाटतं. मग लगेच आत कुठंतरी लाजल्यासारखं होतं. शेजारी विचारतात, वर काय बघताय, मजला चढवायचा विचार दिसतो. मी हसतो आणि पुढं जातो.

मला त्या वेळी दिसत असतो बहात्तरच्या दुष्काळातला उन्हाळा. माझं तेव्हा लग्न व्हायचं होतं. नगरहून राहुरीकडे जाणाऱ्या रस्त्याला, शहर संपल्यावर, सिमेंटचे पाईप बनवणारा एक कारखाना होता. पत्र्याचं लांब छप्पर, तीन बाजूंनी उघडं. तिथं मी मशीनवर होतो. त्या वर्षी सगळा जिल्हा खडी फोडत होता, बांध घालत होता, रेशनवरच्या मिलो ज्वारीच्या लालसर भाकरी खात होता. मी मात्र सावलीत उभा राहून महिन्याचा पगार घेत होतो. सावलीत उभं राहणं हा काही गुन्हा नव्हे, हे मला कळतं. पण माझा थोरला भाऊ म्हातारदेव आणि त्याची बायको सुभद्रा, म्हणजे माझी वहिनी, जामखेडच्या बाजूला आमच्या गावी उन्हात कुदळ मारत होती.

मशीन म्हणजे दोन लोखंडी रूळ आणि त्यांवर गरगर फिरणारा पोकळ साचा. साच्यात आधी सळयांचा पिंजरा बसवायचा. साचा फिरू लागला की लांब पन्हळीतून ओला माल आत सोडायचा. वेग वाढवत नेला की माल साच्याच्या अंगाला घट्ट बसतो आणि जादाचं पाणी आतल्या बाजूनं सुटून दोन्ही तोंडांनी ओघळतं. मग लांब सळई आत धरून आतली बाजू गुळगुळीत करायची. हे सगळं कानानं करायचं काम. माल नीट बसला की साच्याचा आवाज बदलतो, जात्यात शेवटची मूठ संपल्यावर बदलतो तसा. मला तो बदल फार आवडायचा. घरी आई दळायला बसली की मी तिच्या मांडीवर झोपायचो, तेव्हापासून तो आवाज ओळखीचा होता.

मला आवडायचं नाही ते एवढंच, ते ओघळून जाणारं पाणी.

आमच्या घरात भांडी राखेनं घासून फडक्यानं पुसायची पद्धत. अंघोळ दगडावर बसून करायची, आणि त्या दगडाखालून निघालेली चारी भोपळ्याच्या वेलापर्यंत गेलेली. पाहुण्याला तांब्या दिला आणि त्यानं अर्धा पिऊन उरलेलं अंगणात फेकलं, तर तो दूरच्या गावचा हे पोरांनाही कळायचं. अशा घरातला मी. मालात किती पाणी घालायचं हे मशीनवाल्यानं हात वर करून सांगायचं असे, आणि माझा हात नेहमी लवकर खाली यायचा.

हमीदभाई आमचे मिस्त्री. नगरचेच, तोंडात सदा तंबाखू, आणि स्वतःच्या मिशांवर फार जीव. ते माझ्या मालाकडे बघून म्हणायचे, "ए जामखेडकर, तुझ्या घरी आमटी पण अशीच करतात काय, भांड्याला पाणी नुसतं दाखवून?"

सगळे हसायचे. मीही हसून एखादी बादली वाढवायचो. हमीदभाई पाठमोरे झाले की पुन्हा माझा हात तसाच.

फाटकाबाहेर दुसरं चित्र होतं. कारखान्याची विहीर आटत आली होती, वरचं पाणी टँकरनं यायचं. साहेबांनी फाटकाबाहेर एक पिंप ठेवलं होतं. पलीकडच्या वस्तीतल्या बाया घागरी घेऊन तिथं बसून असायच्या. पिंप भरलं की गलका, रिकामं झालं की पुन्हा शांत. आणि फाटकाच्या आत आम्ही तयार पाईपांवर गोणपाट टाकून त्यांना दिवसभर पाणी मारायचो. सिमेंट नवं असताना त्याला पाणी द्यावंच लागतं, नाहीतर ते भुसभुशीत राहतं. नळी हातात धरून त्या बायांकडे पाठ करून उभं राहायचं, हे आमच्या कामातलं सगळ्यांत अवघड काम होतं. त्यात ताकद अजिबात लागत नसे.

म्हणून मालातलं वाचवलेलं पाणी मी संध्याकाळी त्या पिंपात टाकायचो. मला वाटायचं, मी काहीतरी चांगलं करतोय. आज मागं वळून बघताना हीच गोष्ट जास्त टोचते. चूक करताना मनाला भीती वाटली असती तर हात थांबला असता. मला तर त्या दिवसांत रात्री छान झोप लागायची.

त्याच सुमारास आमच्या गावच्या नळाचं काम निघालं. बालाघाटच्या कुशीत एक जुना तलाव आहे, गावापासून बराच वर. त्याच्या तळाशी अजून पाणी होतं. तिथून उतारानं गावापर्यंत पाईप टाकायचे ठरलं. दुष्काळी कामावर चर खणायला गावच उतरलं होतं, त्यात दादा आणि वहिनी. आणि पाईप आमच्या कारखान्यातून जायचे होते. हे कळलं तेव्हा मी सगळ्यांना चहा पाजला. चर माझ्या भावाच्या हातचा, पाईप माझ्या हातचे. त्या पाईपांच्या तोंडावर गावाचं नाव काळ्या रंगानं मीच लिहायचो. एकावर तर जरा वळणदार अक्षर काढलं म्हणून हमीदभाईंनी विचारलं, "लग्नपत्रिका आहे काय रे?"

घाई खरोखरच होती. वहिनी रोज पहाटे उठून त्या तलावावर जायची. डोंगर चढायचा, घागर भरायची, उतरायचं. आली की भाकरी थापून कामावर. दादानं ठरवलं होतं, की आखितीपर्यंत, म्हणजे अक्षय तृतीयेपर्यंत, पाणी आलं नाही तर घराला कुलूप लावून सगळ्यांनी राहुरीकडे पाहुण्यांच्या मळ्यात जायचं. तिथं कालव्याच्या अंगाला थोडी ओल होती. आईनं मात्र ऐकताच नकार दिला होता. आखितीला पितरांसाठी पाण्यानं भरलेली मातीची केळी मांडतात. आई म्हणाली, "तुमचा बाप त्या दिवशी पानी प्याया येनार. त्येनं काय कुलपाला त्वांड लावायचं?" वडलांना जाऊन बरीच वर्षं झाली होती, पण या वादात त्यांचं मत आईकडेच असायचं.

पाईपांची परीक्षा घेण्याची एक रीत असते. पाईपाची दोन्ही तोंडं बंद करून आत पाणी भरायचं, पंपानं दाब द्यायचा आणि बाहेरून अंग बघत बसायचं. चांगला पाईप कोरडाठाक राहतो. कच्चा असला की त्याला घाम येतो. आधी एखादा ओला ठिपका, मग तळव्याएवढा डाग. आमच्या गावचे पाईप तपासायला सरकारी ओव्हरसियर आले, तेव्हा मी मोठ्या उत्साहानं पंप मारत होतो. पहिल्या पाईपाला घाम आला. दुसऱ्याला आला. ओव्हरसियर खडूनं डागांभोवती गोल काढत निघाले. त्या दिवशीच्या पाईपांवर माझं वळणदार अक्षर होतं, आणि त्याच्या भोवती खडूचे गोल.

हमीदभाईंनी एक पाईप फोडायला लावला. तुकडा हातात घेऊन त्यांनी माझ्यासमोर धरला. मधमाशांच्या पोळ्यासारखी बारीक भोकं.

"पाणी कमी," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी टोमणा मारला नाही.

साहेबांनी दोघांनाही बोलावून झापलं. हमीदभाई बाहेर आल्यावर मिशीवरून हात फिरवत म्हणाले, "माझी पण चूक आहे. मी हसत बसलो, बघितलं नाही." ते माझ्या वाटणीचं थोडं स्वतःकडे घेत होते. मला ते कळत होतं आणि घेऊ नका म्हणायचं धाडस होत नव्हतं.

नवे पाईप करायचे तर सिमेंट नव्हतं. त्या कामाचं सिमेंट सरकारी परमिटावर मोजून आलेलं, दुसरं मिळेपर्यंत पावसाळा उजाडला असता. हमीदभाई म्हणाले, एकच उपाय आहे. फार पाझरतात ते बाजूला काढायचे. बाकीचे हौदात बुडवून ठेवायचे, पोटभर पाणी पाजायचं. सिमेंट पाण्यात राहिलं तर आतल्या बारीक भेगा आपल्या आपण भरून काढतं.

"नक्की भरतात?" मी विचारलं.

"कधी भरतात, कधी नाही. मी काय पीर आहे काय?"

म्हणजे मी जेवढं पाणी वाचवलं होतं, त्याच्या कितीतरी पट आता ओतावं लागणार होतं. आणि आखिती तर तोंडावर आलेली.

सुट्टीच्या दिवशी मी गावी गेलो. निरोप कुणाकडे देता आला असता, पण मला स्वतः सांगायचं होतं. दादा ओट्यावर बसून कुदळीचा दांडा ठोकत होता. पाईप परीक्षेत नापास झाले, मी सांगितलं.

"पाईप फुटले म्हंजी?" त्यानं विचारलं.

"फुटलं न्हाईत. पाझरत्यात."

"कशानं?"

"माझ्यामुळं. मी मालात पानी कमी घातलं."

दादानं दांडा बाजूला ठेवला. मग म्हणाला, "आमी हितं कातळ फोडून चर तयार ठिवला. आन गोरख, तू पानी कमी घातलं."

त्यानं आवाज चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. वहिनी उंबऱ्यात बसून मिलो निवडत होती. तिला एकदम हसू आलं. म्हणाली, "मंग काय करतील भावजी? आत्याबाईंच्या हाताखाली वाढलेला मानूस त्यो. मी नवी नवरी हुते तवा दोनदा हात धुतलं म्हनून केवढं बोलल्या हुत्या मला."

आतून आईचा आवाज आला. "दोनदा न्हाई. तीनदा."

दादाही हसला, पण लगेच गंभीर झाला. आखिती झाली की आपण निघायचं, त्यानं पुन्हा सांगितलं. वहिनीनं सूप खाली ठेवलं.

"किल्ली माझ्या कमरंला हाय," ती म्हणाली. "आत्याबाईंचं हाल करून मला कुटं जायाचं न्हाई. पाईप येस्तवर मी आनते की पानी. रोज आनतीयाच."

दुसऱ्या दिवशी परतायच्या आधी मी तिच्याबरोबर तलावावर गेलो. वाटेच्या कडेनं आमचा चर गेला होता, सरळ, स्वच्छ, दोन्ही अंगांना मातीचे ढीग. काही ठिकाणी कातळात छिन्नीच्या खुणा. वहिनी पुढं चालत होती. घागर उतरवताना तिनं डोक्यावरची चुंबळ काढली, तेव्हा मला दिसलं, टाळूवर वाटीएवढ्या जागेत केस जवळजवळ उरले नव्हते. मी नजर वळवली. तिला कळलं असावं, तिनं पदर सारखा केला.

"ह्यो चर रोज बघते मी," ती म्हणाली. "वाटतं, माझ्या वाटंच्या शेजारी कुनीतरी पान्याची वाट खनून ठिवलीया. ती माझ्यापरीस लवकर उतरंल. तुमी नका जिवाला लावून घिऊ. आता पाजा पोटभर त्येला."

आमच्या घरात कुणी मला इतक्या सहज पाणी सांडायची परवानगी दिली नव्हती.

कारखान्यात आलो आणि हौद भरायला लागलो. टँकर आला की मोठी नळी हौदात सोडायची. पाणी पाईपांवरून पांढरं होत वर चढायचं. त्यात चुना उतरायचा, ते पाणी जनावरंही तोंडाला लावत नसत. फाटकातल्या बाया हे सगळं बघत असायच्या. त्यांत ठकूबाई नावाची एक तोंडाळ बाई होती. एके दिवशी ती मोठ्यानं म्हणाली, "पुढल्या जल्मी पाईपच व्हावं बया. आयतं पडून ऱ्हायाचं, आन वर बापे पानी पाजत्यात."

सगळ्या हसल्या. माझ्या हातातली नळी खाली आली. मी फाटकाशी गेलो. का कोण जाणे, पण त्या अनोळखी बाईला मी सगळं सांगून टाकलं. पाईप माझ्या गावचे आहेत, मीच ते बिघडवले, आणि माझी वहिनी अशीच घागर घेऊन डोंगर चढते. ठकूबाईनं पदरानं तोंड पुसलं.

"मंग पाज की," ती म्हणाली. "आमच्याकडं बघून लाजतुस कशापायी? तिथल्या बी बायाच हायेत. फकस्त आमच्या पिंपाचं इसरू नको."

मी विसरलो नाही. रोज टँकर आला की आधी पिंप, मग हौद, असा नेमच पडला. साहेबांनी बघून न बघितल्यासारखं केलं.

आखिती त्याच आठवड्यात आली आणि गेली. केळीतलं पाणी वहिनीनंच डोंगरावरून डोक्यावर आणलं, हे मला नंतर कळलं. दादानं कुलपाचा विषय काढला नाही. वहिनीच्या खेपा मात्र चालूच होत्या. माझ्या चुकीचे जेवढे दिवस, तेवढे तिचे डोंगर. हा हिशोब मला कुणी कधी मागितला नाही, म्हणूनच बहुधा तो अजून मिटलेला नाही.

आता रस्त्यानं कधीकधी एखादा पोरगा मोटारसायकलवर काळ्या प्लास्टिकच्या पाईपचं वेटोळं खांद्याला अडकवून जाताना दिसतो. हलकं, लवचिक, ना हौद, ना गोणपाट. माझं ते मशीन केव्हाच भंगारात गेलं. मला त्याचं वाईट वाटत नाही. पाणी पोचल्याशी मतलब. फक्त एवढं वाटतं, की त्या पोराला आपला पाईप पाझरताना दिसला, तर तो टाकून देऊन नवा आणील. भेगा पडलेली वस्तू पाण्यात ठेवून वाट बघायची असते, आणि कधीकधी ती भरून येते, हे त्याला कोण सांगणार? मला तरी कुणी सांगून पटलं नसतं. मी ते हातानं चाचपून बघितलं आहे. ओव्हरसियर पुन्हा आले तेव्हा खडूचे गोल धुऊन गेले होते, पण जागा मला पाठ होत्या. जिथं घाम आला होता तिथं पांढरा, कठीण पापुद्रा धरला होता, जखमेवर खपली धरते तसा. दाब दिला. आम्ही सगळे त्या अंगाकडे टक लावून बसलो. थोडे पाईप पुन्हा ओलावले, ते काढून टाकले. बाकीचे कोरडे राहिले. जवळजवळ सगळेच. ओव्हरसियरनी मान डोलावली. हमीदभाई थुंकायला म्हणून जे लांब गेले, ते बराच वेळ तिकडंच तोंड करून उभे राहिले.

ट्रक भरताना मी प्रत्येक पाईपाखाली उसाचं पाचट घातलं. हमीदभाईंनी मला बरोबर पाठवलं. गावी पोचल्यावर ट्रकमागं पोरं धावली. एकेक पाईप चरात उतरवायचा, सांधा भरायचा, वर ओलं गोणपाट. दादा आणि मी एकाच पाईपाच्या दोन टोकांना असायचो. एकदा तो पाईपाच्या अंगावरच्या पांढऱ्या खुणेवर बोट ठेवून म्हणाला, "हितं व्हय?" मी हो म्हटलं. त्यानं तळव्यानं ती जागा पुसली आणि म्हणाला, "धर नीट."

पाणी आलं तो दिवस ढगाळ होता. आधी पाईपाच्या तोंडातून हवा आली, मग गढूळ पाणी, मग बऱ्याच वेळानं स्वच्छ. फार गोंधळ झाला नाही. माणसं नुसती उभी होती. आईनं दोन घोट घेऊन सांगितलं, की याला भिंतीचा वास येतोय. वहिनीनं घागर भरली, घरी नेली, परत आली, पुन्हा भरली. संध्याकाळपर्यंत घरातलं प्रत्येक भांडं भरलं होतं, अगदी वाट्यासुद्धा.

दुसऱ्या दिवशी मला जाग आली तेव्हा उन्हं अंगणात उतरली होती. चूल पेटलेली नव्हती. दादा दाराबाहेर उकिडवा बसून मिश्रीचं बोट दातांवर फिरवत होता, आवाज न करता. मी काही विचारणार, तर आईनं ओठांवर बोट ठेवलं. मधल्या घरात वहिनी वाकळीवर आडवी झाली होती. पदर बाजूला पडलेला, हात उघडा, तोंड किंचित उघडं. ती पहाटे उठली नव्हती. त्या घरात आल्यापासून तिला दिवस उजाडल्यावर निजलेलं मी कधी बघितलं नव्हतं. आईनं तर नाहीच.

एवढ्यात शेजारच्या काकूंनी कुडापलीकडून हाक मारली. "सुभद्रे, ए सुभद्रे."

आई, जिला ओटा उतरायला एरवी हात द्यावा लागे, ती भिंतीला धरून एकटीच उतरली आणि लगबगीनं कुडापाशी गेली.

"हळू बोल," ती म्हणाली. "माझी सून निजलीया."

"का गं बाई? आजारी हाय का काय?"

"न्हाई," आई म्हणाली. "नुसती निजलीया."